खोली नंबर पाच, पण कुठल्या वाड्यातली?

बाबा गेले आणि वाडा पाडून नवी इमारत बांधणार असल्याचं पत्र आलं, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्या तीन महिन्यांत रिकाम्या करायच्या होत्या. भांडी, गाद्या, देव, शिवणाचं मशीन यांची सोय लागली. प्रश्न उरला माळ्याचा. माळ्यावर अण्णांचं दप्तर होतं.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. धंद्याने कारभारी. परगावी राहणाऱ्या घरमालकांचे पुण्यातले वाडे ते सांभाळत. कुणी नोकरीनिमित्त इंदूरला गेलेलं, कुणी बडोद्याला, एक डॉक्टर मुंबईला. वाडा इथे, मालक तिकडे. भाडं वसूल करायचं, घरपट्टी-पाणीपट्टी भरायची, पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यायची, हौदाचा गाळ काढायचा, भाडेकरूंची भांडणं मिटवायची आणि महिनाअखेर मालकाला हिशेब पाठवायचा. १९३१ ते १९७८ एवढी वर्षं हे काम त्यांनी केलं. नऊ मालक, चौदा वाडे, शंभरावर बिऱ्हाडं. मेहनताना वसुलीवर शेकडा पाच. गंमत म्हणजे आम्ही स्वतःही त्यातल्याच एका मालकाचे भाडेकरू. दर महिन्याला अण्णा स्वतःच्या नावाची पावती स्वतःच फाडत.

माळ्यावर सत्तेचाळीस रुमाल निघाले. रुमाल म्हणजे हातात धरायचा नव्हे. दीड हात चौकोनी मांजरपाटाचा तुकडा, मधे कागदांची थप्पी, चारी टोकं आत दुमडलेली आणि वरून नाडी. पेशवे दप्तरातले कागदही रुमालांतच बांधलेले असतात. अण्णांनी ती पद्धत कुणाकडून उचलली माहीत नाही, पण त्या काळी लिखापढी करणारे बहुतेक जण तसंच बांधत. काही नाड्या निळ्या होत्या, काही लाल, काही काळ्या. रुमालांच्या कोपऱ्यावर शाईने एखादं अक्षर.

मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. आमच्याकडे कागद म्हणजे व्हाउचर आणि व्हाउचर म्हणजे तारीख. दिवसाचा गठ्ठा, महिन्याचा गठ्ठा, वर्षाचं कपाट. त्यामुळे पहिल्या चार दिवसांत मी जे केलं ते मला अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. आठ रुमाल सोडले, सगळे कागद खाली सतरंजीवर घेतले आणि वर्षांप्रमाणे लावायला बसले. १९३८ इकडे, १९४६ तिकडे. नाड्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. रुमाल फार मळके होते, म्हणून मशीनला लावले. स्वच्छ निघाले. कोपऱ्यावरची अक्षरंही स्वच्छ निघाली, म्हणजे गेली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन त्या नीटनेटक्या थप्प्यांकडे पाहत बसले होते आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. हे लिहिताना अजूनही कानशिलं तापतात.

दप्तरात काय काय होतं ते आधी सांगते. रोजकीर्दी, म्हणजे रोजचा जमाखर्च. खतावण्या, म्हणजे तेच मालकवार आणि बिऱ्हाडवार. पावतीपुस्तकं, ज्यांतली पावती भाडेकरूला गेली आणि स्थळप्रत राहिली. मालकांची पत्रं आणि त्यांना पाठवलेल्या उत्तरांच्या नकला, आधी हाताने केलेल्या, नंतर कार्बनच्या. घरपट्टीची बिलं. सुतार, गवंडी, कौलं चाळणारे यांचे हिशेब. मुखत्यारपत्रं. नोटिसा आणि कोर्टाचे कागद. आणि मनीऑर्डरीची कुपनं, ती तर ढिगाने. मालकाशी बिनसलं की भाडेकरू भाडं मनीऑर्डरने पाठवतो. मालकाने नाकारली तर ती परत जाते आणि परत आल्याचा शेरा उद्या कोर्टात भाडेकरूच्या कामाला येतो. घेतली तर कुपन आपल्याकडे राहतं. कुपनाची थप्पी जाड होत चालली की त्या वाड्यात काहीतरी शिजतंय, हे मला पुढे पत्रं न वाचताच कळायला लागलं.

पण पुढे. सुरुवातीला मला यातलं निम्मंही वाचता येत नव्हतं, कारण १९५५ पर्यंतच्या कीर्दी मोडी लिपीत होत्या. शाळांतून मोडी गेली तरी अण्णांच्या हातातून ती लवकर गेली नाही. म्हणून मी शनिवार-रविवारचा मोडीचा वर्ग लावला. वर्गात बहुतेक मुलं माझ्या भाचीच्या वयाची, किल्ल्यांवर हिंडणारी, शिवकालीन पत्रं वाचायला आलेली. मी एकटीच पिशवीतून पाणीपट्टीचा हिशेब काढणारी. मोडीत आधी ओळभर रेघ मारायची आणि मग अक्षरं तिच्याखाली, हात न उचलता, टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. अण्णांचं अक्षर तर घाईचं, सायकलवरून उतरून ओट्यावर टेकून लिहिलेलं. आकडे मात्र लखलखीत. रुपयानंतर उभ्या रेघा म्हणजे पावल्या, चार-चार आण्यांच्या, आणि आडव्या रेघा म्हणजे आणे. ७॥ म्हणजे साडेसात रुपये, ७॥= म्हणजे सात रुपये दहा आणे. अक्षराआधी मला आकडेच वाचता येऊ लागले. बँकेची सवय, दुसरं काय.

वर्ग घेणाऱ्या सरांची हयात जुन्या दप्तरांत गेलेली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, सर, मी सगळं तारखेने लावून ठेवलंय. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गाठी सोडल्यात?"

"आठच सोडल्या."

"बाकीच्या राहू द्या. हात लावू नका. कुठला कागद कुठल्या रुमालात होता, आठवतंय?"

आठवत नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. कागद ज्याने ठेवले त्याने ते ज्या क्रमाने ठेवले, तो क्रम हाही एक कागदच असतो, फक्त लिहिलेला नसतो. तुम्हाला तारखेने हवं असेल तर वहीत तारखेची यादी करा, पण थप्पी हलवू नका. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा मला ती जुन्या माणसांची सोवळंओवळं पाळायची तऱ्हा वाटली होती.

मग कुलकर्णी आले.

कसबा पेठेतल्या एका वाड्यातल्या जुन्या भाडेकरूचा नातू. तोही वाडा पाडायला निघालेला. बिल्डरच्या यादीत त्यांची खोली दुसऱ्याच कुणाच्या नावावर आणि हे लोक नुसते राहायला ठेवलेले, भाडेकरूच नव्हेत, असा युक्तिवाद. घरात जुनी पावती एकही नाही. त्याच्या आजीने सांगितलं होतं, की वसुलीला नारायण पेठेतले अमुक यायचे, सायकलवरून, पायाला क्लिप लावून. शोधत शोधत तो आमच्या दारात. "काकू, आजोबा १९४६ मध्ये राहायला आले. खोली नंबर पाच. एखादी स्थळप्रत मिळाली तर..."

मला आनंदच झाला. १९४६ ची थप्पी तर समोरच होती! दहा मिनिटांत सापडली. 'खो. ५, कुलकर्णी, मार्च, ७॥.' आणि लगेच दुसरी सापडली. 'खो. ५, कुलकर्णी, मार्च, ७॥.' पुस्तक वेगळं, पावतीचा नंबर वेगळा, खोली तीच, आडनाव तेच, भाडं तेच. पुण्यात वाड्यावाड्यांत एक कुलकर्णी असणार हे मला कळायला हवं होतं.

वाड्याचं नाव दोन्हींवर नाही. १९४२ पर्यंतच्या पावतीपुस्तकांवर मालकाचं नाव आणि घर नंबर छापलेला आहे. मग लढाईत कागदाची टंचाई झाली आणि अण्णा अप्पा बळवंत चौकातून मिळतील ती कोरी पुस्तकं आणू लागले. छापील पुस्तकं परत दिसतात ती १९४९ पासून. मधल्या काळातल्या स्थळप्रतींवर कुठला वाडा हे लिहायची त्यांना गरजच नव्हती. निळ्या नाडीच्या रुमालातलं पुस्तक इंदूरवाल्यांचं, काळ्या नाडीतलं बडोदेकरांचं. जगातल्या एका माणसाला ते माहीत असणं पुरेसं होतं. त्यानंतर रुमालाला माहीत होतं. रुमाल मी धुतला.

अशी कोरी पुस्तकं त्या आठ रुमालांत मिळून त्रेसष्ट होती.

खतावणी पाहिली असती तर प्रश्न मिनिटात सुटला असता, कारण खतावणीत वाडावार पानं असतात. पण १९४३ ते १९४९ च्या खतावण्या नाहीतच. त्या का नाहीत, तेही दप्तरातच मिळालं.

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या वाड्यात पाणी ओटीवरून आत आलं. अण्णांची एक मोठी लाकडी पेटी ओटीवर होती, ती वाहून गेली की चिखलात फुटली, याबद्दल घरात दोन मतं होती. आत्या म्हणायची वाहून गेली. बाबा म्हणायचे, चार दिवसांनी चिखलातून तिची कडी सापडली होती. काही का असेना, त्या पेटीत ज्या जुन्या खतावण्या होत्या त्या गेल्या. माळ्यावरचं वाचलं.

पुरानंतर चौथ्या दिवशी अण्णांनी एक नवी वही घातली. साधी शंभर पानी, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत लिहिलेली, बहुधा बाबांनाही वाचता यावी म्हणून. नदीजवळच्या प्रत्येक वाड्याला दोन पानं आणि प्रत्येक खोलीसमोर एक ओळ. 'मागची भिंत पडली.' 'चौकटीपर्यंत चिखल, सामान गेले.' 'मंडळी सदाशिवात भावाकडे.' 'शाळेत मुक्काम.' 'पत्ता नाही.' पुढच्या महिन्यात त्याच ओळीच्या पुढे वेगळ्या शाईने: 'आले', 'गोखलेनगरला गेले', 'खोली सोडली, किल्ली दिली'. एके ठिकाणी नुसतीच आडवी रेघ आहे. तिचा अर्थ मला लावता आला नाही आणि लावावासाही वाटला नाही.

त्या वहीसोबत मालकांशी झालेला पत्रव्यवहार होता. अण्णांनी सगळ्या मालकांना एकच मजकूर पाठवला होता: दोन महिन्यांचं भाडं मागू नये असं वाटतं, कळावं. इंदूरवाल्यांनी उलट टपाली होकार दिला आणि वर भाडेकरूंसाठी २०० रुपये पाठवले. एका मालकाने विचारलं, की ज्या खोल्या पडल्या त्यांची कुळं आपोआपच गेली असं धरता येईल काय? अण्णांच्या उत्तराची कार्बन प्रत आहे. 'खोल्या उभ्या राहिल्यावर ज्याच्या त्याला द्याव्या लागतील असे दिसते. गवंड्याचा अंदाज सोबत पाठवतो.' एवढंच. अण्णा घरी बोलायचे तेही असंच, हिशेबाइतकंच.

पुराच्या दमटपणाने माळ्यावरचेही काही गठ्ठे चिकटून वीट झाले होते. ते सरांच्या सांगण्यावरून तसेच ठेवले. ओढून सुटे करायला गेलं की अक्षर एका कागदाचं दुसऱ्याला लागतं. बाकी कागदांना मऊ ब्रश, सावली आणि वारा, गंजलेल्या टाचण्या हळूच काढायच्या. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही. १९८५ च्या आसपास बाबांनी प्रेमाने लावलेली पट्टी आता चहासारखी झाली आहे आणि तिच्याखालचं काही वाचता येत नाही.

तर खतावणी नाही, रुमाल नाही. उरली रोजकीर्द. तिच्यात त्या दिवशी जमा झालेलं प्रत्येक भाडं आहे: खोली, नाव, पावती नंबर, रक्कम. वाडा तिथेही नाही! दोन आठवडे मी तीच पानं उलटसुलट वाचत होते. शेवटी सुगावा लागला तो जमेच्या बाजूला नाही, खर्चाच्या बाजूला.

अण्णा फिरतीवर असताना कीर्द बरोबर न्यायचे आणि जमा-खर्च ज्या क्रमाने होईल त्या क्रमाने तिथल्या तिथे टिपायचे. खर्चात काय, तर 'ओंकारेश्वर, नारळ'. 'कसबा गणपती, दक्षिणा'. 'मंडई, भाजी'. 'सायकल पंक्चर, शनिवारवाड्यापाशी, ०-२-०'. महिन्यांमागून महिने हे खर्च त्याच क्रमाने येतात, पंक्चर सोडून. म्हणजे फेरी ठरलेली होती. घरून निघायचं, नारायण पेठ उरकायची, शनिवार पेठेत ओंकारेश्वराला नारळ, मग कसबा, मग बुधवार, मग शुक्रवारात मंडईतून भाजी, आणि सदाशिवातून घरी. पुण्याचा नकाशा पुढ्यात घेतला तर तो गोल लगेच दिसतो. नारळाच्या आधीचा कुलकर्णी नारायण पेठेतला. नारळ आणि भाजी यांच्या मधला, गणपतीच्या दक्षिणेच्या शेजारचा कुलकर्णी कसब्यातला.

मी १९४६ आणि ४७ चे बावीस महिने तपासले. एकोणीस महिन्यांत क्रम पाळलेला आहे. उरलेल्या तीनांतल्या दोन महिन्यांत अण्णा आजारी होते आणि वसुलीला त्यांचे धाकटे भाऊ गेले होते. ते कसेही फिरायचे, असं आत्या म्हणाली. एका महिन्याचा उलगडा झाला नाही.

याच रीतीने त्रेसष्टांपैकी सेहेचाळीस पुस्तकांचा वाडा ठरला. सतरा तशीच आहेत.

या सगळ्याला पाच महिने लागले. वाडा सोडला, कोथरूडला मुलाच्या फ्लॅटमध्ये एक आख्खी खोली दप्तराला दिली. सुनेने कुरकूर केली नाही, पण डांबरगोळ्यांच्या वासाबद्दल दोनदा बोलली. बरोबरच होतं तिचं.

इतके दिवस एका माणसाचे हिशेब वाचत बसलं की तो माणूस दिसायला लागतो, आणि तो सगळाच आवडतो असं नाही. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. घरपट्टी वाढेल तेवढी भर सोडली तर मूळ भाडं हलेना. साडेसात रुपयांची खोली १९४० ला साडेसातची, १९६० ला साडेसातची, १९७५ लाही साडेसातचीच. साडेसातावर शेकडा पाच म्हणजे बरोबर सहा आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे आले तेव्हा सहा आण्यांचे साडेसदतीस नवे पैसे होत होते. अण्णांनी ३७ लिहिले आणि अर्धा पैसा सोडला, दर खोलीमागे, दर महिन्याला, शेवटपर्यंत. एवढ्यात घर चालत नव्हतं म्हणून रात्री एका कापडदुकानाची कीर्द लिहायचे.

हे वाचून ऊर भरून येतो. मग पुढच्या पानावर दिसतं: नवं बिऱ्हाड आलं त्याच आठवड्यात 'दुरुस्ती खाती जमा ३००', आणि दुरुस्तीचा खर्च मात्र कुठेच नाही. पाच ठिकाणी. कायद्याने पागडी, म्हणजे खोली देताना भाड्याखेरीज वरची रक्कम, घ्यायला बंदी होती, तेव्हा 'पागडी' हा शब्द कीर्दीत कोण लिहील? पैसे मालकाला गेले आहेत, ते पुढच्या महिन्याच्या हिशेबात दिसतं. पण लिहिणारा हात अण्णांचाच. पस्तीस वर्षं खाती तपासलेल्या बाईला असली नोंद दुरून ओळखू येते.

त्याहून वाईट, मालकांची पत्रं. 'बिऱ्हाड आपल्यापैकीच पाहून ठेवावे.' हे एका पत्रात नाही, निरनिराळ्या मालकांच्या कितीतरी पत्रांत आहे, आणि एकात तर जातींची नावं घेऊन कुणाला ठेवू नये ते लिहिलं आहे. अण्णांनी कुणालाही उलट विचारलेलं नाही. 'आज्ञेप्रमाणे' असं उत्तर आहे. आत्या म्हणाली, ती दोन-चार पत्रं काढून टाक ग, कशाला लोकांना दाखवायची. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण तोवर मी एकदा गाठी सोडून बसले होते.

कागद कुणाचे, हा प्रश्न बाकी होता. गल्लीतल्या वकिलांकडे गेले. त्यांनी सांगितलं, की करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या, २१३ कलमाप्रमाणे मालकाने मागितला की हिशेब देणं हे मुखत्याराचं कर्तव्यच. ते अण्णांनी महिन्याच्या महिन्याला केलेलं. त्यांच्या स्वतःच्या वह्या त्यांच्या. पण मालकाचे मूळ दस्त सांभाळायला दिले असतील तर ते मालकाचे. तसे तीन निघाले. दोन खरेदीखतं आणि एक वाटणीपत्र. दोघांचे वारस सापडले. जुना घर नंबर आणि आताचा सिटी सर्व्हे नंबर यांची सांगड घालायला मालमत्ता पत्रकं काढावी लागली. दस्त पोचते करून सही घेतली. तिसऱ्याच्या घरी कुणी दारच उघडत नाही.

वकिलांनी आणखी एक सांगितलं. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून कोर्टात आला, तर त्यावरची सही आणि अक्षर खरं मानायची मुभा पुराव्याच्या कायद्यात आहे. 'योग्य ताबा' म्हणजे काय, तर तो जिथे असायला हवा तिथेच होता हे दिसलं पाहिजे. सुट्टा, पिशवीतून आलेला कागद आणि दप्तरातल्या जागेवरचा कागद यांत फरक पडतो. सरांचं सोवळंओवळं मला तिथे, वकिलांच्या खुर्चीत बसून, नीट कळलं.

म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन आलेल्या गृहस्थांना मी नाही म्हटलं. ते कुणाकडून आले होते ते त्यांनी सांगितलं नाही. एका विशिष्ट वाड्याची भाडेकरूंची यादी आणि पावतीपुस्तकं 'रद्दीच्या भावाने नव्हे, चांगल्या भावाने' न्यायची होती. "काकू, तुम्हाला तरी काय उपयोग?" पुडा मी परत केला. सुनेचं म्हणणं, पेढे तरी ठेवून घ्यायचे.

कुलकर्ण्यांच्या नातवाला मी स्थळप्रतींचे फोटो दिले, कीर्दीच्या बावीस पानांचे दिले, आणि नारळ-भाजीचा हिशेब दोन पानांवर लिहून सही करून दिला. त्याचे वकील म्हणाले, अनुमान आहे, पण बरं अनुमान आहे. आठही रुमाल जागच्या जागी असते तर अनुमानाची वेळ आली नसती, हे मी त्याला आधीच सांगून टाकलं होतं. तो रागावला नाही. त्याचं काम अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात दप्तर एका संग्रहाला दिलं. अटी अशा, की पत्रं आणि बिऱ्हाडांच्या थकबाकीच्या नोंदी अमुक वर्षं कुणाला दाखवायच्या नाहीत, आपल्या घरच्या पावत्या मागायला येणाऱ्याला मात्र नकला द्यायच्या. यादी करायला आठ दिवस मी रोज जात होते. एकोणचाळीस रुमाल अण्णांनी बांधले तसे. उरलेल्या आठांतले कागद पेट्यांत, त्यांतली सतरा पुस्तकं वेगळी. तिथल्या मुलाने विचारलं, "ताई, या पेटीवर काय लिहू?" मी म्हटलं, लिही: 'वाडा अनिश्चित. मूळ क्रम नातीने मोडला.' तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने तसंच लिहिलं. नाड्यांची पिशवीही दिली. नऊ निळ्या, पाच लाल, चार काळ्या. आठ रुमालांच्या अठरा नाड्या कशा, ते मला सांगता आलं नाही. बहुधा काहींना दोन-दोन, तीन-तीन बांधल्या असाव्यात.

निघताना त्याने पावती फाडली. 'जुने कागदपत्र, रुमाल ३९, पेट्या ६, मिळाले.' खाली तारीख, शिक्का, सही. मी पावती दारापर्यंत वाचत गेले आणि परत फिरले. दप्तर कुठल्या घरातून आलं ते त्यावर नव्हतं. नारायण पेठेचा पत्ता, जुना घर नंबर, सिटी सर्व्हे नंबर, तिन्ही लिहून घेतले. स्थळप्रतीवरसुद्धा.